स्वतःसाठी म्हणजे कुणासाठी?

शनिवारची सकाळ आहे. कुणी मुलांना मराठी शाळेत सोडायला निघाला असाल, कुणाचे पोहे अजून भिजायचे असतील. गेल्या खेपेला याच वेळात मी मुलांच्या कॉलेजच्या पैशांची तजवीज कशी करावी यावर बोलले होते, त्यामुळे काहींनी आजही वही-पेन जवळ घेतलं असेल. आज आकडे थोडेच आहेत. बायका स्तनांची कॉस्मेटिक सर्जरी का करून घेतात, मनात नेमकं काय चाललेलं असतं, यावर मला बोलायचं आहे. गाडीत मुलं असतील तर रेडिओ बंद करायचा का, ते तुम्ही ठरवा. दहा-अकराच्या पुढची मुलगी असेल तर मी म्हणेन, राहू द्या चालू.

अडचण शब्दापासूनच सुरू होते. शाळेच्या पुस्तकात 'स्तन' असायचं, तेही सस्तन प्राण्यांच्या धड्यात. डॉक्टरकडे गेलं की 'छातीत दुखतंय'. घरात तर नावच नाही. बाळाला 'अंगावर' पाजतात, मुलगी 'अंगाने' भरते, एखादी 'अंगाने' किरकोळ असते. ज्या गोष्टीबद्दल घरात इतकं बोललं जातं तिला बिचारीला स्वतःचं नाव नाही. मी आज सरळ 'स्तन' म्हणणार आहे. पहिल्या दोन-तीन वेळा कानाला खटकेल, मग सवय होईल.

मी डॉक्टर नाही, मानसशास्त्रज्ञही नाही. मी आयटी कन्सल्टंट आहे, एमबीए केलेली. वीस वर्षं माझं काम एकच: क्लायंट येतो, म्हणतो आम्हाला नवी सिस्टीम पाहिजे. आम्ही विचारतो, का? मग कळतं की सिस्टीम बरी आहे, दोन डिपार्टमेंटांचं एकमेकांशी पटत नाही. क्लायंट खोटं बोलत नसतो. त्याला जे खुपतं त्यावर जो इलाज ऐकिवात असतो, तो तो मागतो. ही सवय लागलेल्या माणसाला आपल्या ह्यूस्टनमधली एक गोष्ट फार लागते.

जगातलं पहिलं सिलिकॉनचं ब्रेस्ट इम्प्लांट इथे झालं, ह्यूस्टनला, १९६२ साली, जेफरसन डेव्हिस हॉस्पिटलमध्ये. फ्रँक जेरो आणि थॉमस क्रोनिन हे दोन सर्जन. रक्ताची प्लास्टिकची पिशवी हातात दाबून बघताना जेरोंना ही कल्पना सुचली असं सांगतात. आधी एका कुत्रीवर प्रयोग झाला. मग त्यांना एक बाई मिळाली, टिमी जीन लिंडसे. सहा मुलांची आई. ती हॉस्पिटलमध्ये आली होती छातीवरचं गोंदण काढून घ्यायला. डॉक्टरांनी विचारलं, एक नवीन ऑपरेशन आहे, करून घेशील का? पुढे तिनेच मुलाखतीत सांगितलं आहे की आकाराबद्दल तिची तक्रार नव्हती. सहा बाळंतपणांनंतर स्तन ओघळले होते, एवढंच. तिला खरं खुपत होते ते तिचे कान. ते फार बाहेर आलेले आहेत असं तिला वाटायचं. मग सौदा झाला. स्तनांचं करून घे, कानांचंही करून देऊ.

म्हणजे बघा, ज्या ऑपरेशनसाठी आज अमेरिकेत वर्षाला सुमारे तीन लाख बायका जातात, त्याची अगदी पहिली पेशंट कान मागायला आलेली बाई होती. आणि तिने असंही सांगितलं आहे की ऑपरेशनचा खरा परिणाम तिला कळला तो रस्त्यावर पुरुष शिट्ट्या मारायला लागले तेव्हा.

पुढे वीस वर्षांनी, १९८२ साली, इथल्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने एफडीएला लेखी कळवलं की लहान स्तन हे व्यंग आहे, खरं तर आजारच आहे, आणि त्यामुळे बहुतेक पेशंटमध्ये न्यूनगंड येतो, आत्मविश्वास जातो. त्या वेळी सरकार इम्प्लांटवर निर्बंध आणण्याच्या विचारात होतं, तेव्हाची ही बाजू मांडणी. मी मार्केटिंग शिकले आहे. गरज आधी होती की माल आधी होता, हा प्रश्न आम्हाला पहिल्या सेमिस्टरलाच शिकवतात.

पण म्हणून सगळा दोष बाजाराच्या माथी मारून मोकळं व्हावं, तर तेही मला जमणार नाही. कारण बाजार माझ्यापर्यंत पोचायच्या कितीतरी आधी माझी आत्या पोचली होती.

मी मिरजेची. आत्या आमच्याच घरी राहायची, लग्नानंतर वर्षाभरात परत आली होती. मी चौदा वर्षांची, नरकचतुर्दशीची पहाट, आत्या मला तेल लावत होती. ती म्हणाली, "हिच्या अंगावर काही धरतच नाही बघ. मुलगा म्हणून खपेल." आई बंब पेटवत होती, ती हसली. बस, एवढंच. कुणी मारलं नाही, कुणी रागावलं नाही. शाळेत मुलांनी 'पाटी' नाव ठेवलं ते त्याच वर्षी. कॉलेजच्या गॅदरिंगला साडी नेसायची म्हणून ब्लाउज शिवायला टाकला, तर लेडीज टेलर दुकानाच्या त्या टोकावरून ओरडला, "कप टाकायचे ना?" दुकानात सात-आठ बायका होत्या. नंतर स्थळं बघायला लागले तेव्हा एका मध्यस्थाने निरोप आणला: मुलगी हुशार आहे, पण अगदीच किरकोळ आहे हो.

आता हे ऐकताना तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टी. बरोबर आहे. पण संशोधकांनी ऑपरेशन करून घेणाऱ्या बायकांची इतरांशी तुलना केली, तेव्हा त्यांना हेच सापडलं की या बायकांच्या आठवणीत दिसण्यावरून झालेली चिडवाचिडवी जास्त असते. कुणाचा आकार किती आहे यापेक्षा 'असायला हवा होता' आणि 'आहे' यांतलं अंतर बाईला किती वाटतं, त्यावर पुष्कळ अवलंबून असतं. हे अंतर फुटपट्टीने मोजता येत नाही. माझ्याहून सडपातळ बायका मी बघितल्या आहेत ज्यांच्या मनात हा विषय वर्षातून एकदाही येत नाही.

मग बाळंतपण. आमच्या मुलीच्या वेळी सासूबाई आणि आई आळीपाळीने इथे येऊन राहिल्या. दोघींनी फार केलं माझं, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी. पण रोज एक प्रश्न असायचाच, "पुरतंय ना गं तिला?" विचारताना नजर कुठे असायची ते मला कळायचं. इथे मैत्रिणींसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगते. स्तनांचा आकार मुख्यतः चरबीवर ठरतो, दूध तयार करतात त्या ग्रंथी. लहान स्तनांच्या बाईला दूध कमी येतं, ही समजूत चुकीची आहे. माझी मुलगी सहा महिने निव्वळ माझ्या दुधावर होती आणि चांगली गुटगुटीत होती.

आणि त्या महिन्यांत माझं शरीर भरलं. मी आरशात बघायचे, पदर घेऊन, पदर काढून. रात्रीची झोप नाही, केस गळतायत, आणि तरी मी स्वतःवर खूश. मुलीने पिणं सोडलं आणि सगळं ओसरलं, आधीपेक्षाही कमी झालं. याला वैद्यकात साधी प्रक्रिया म्हणतात, बहुतेक आयांच्या बाबतीत कमी-जास्त प्रमाणात होते. मला मात्र कुणी काही देऊन परत घेतल्यासारखं वाटलं. इम्प्लांटसाठी विशी-बाविशीतल्या, सिनेमात जायला निघालेल्या मुली येत असतील असं आपल्याला वाटतं. पण मी ज्या वेटिंग रूममध्ये बसले तिथे माझ्याच वयाच्या आया होत्या, बहुतेकींच्या मांडीवर शाळेचं पिकअप चुकू नये म्हणून फोन. त्यांना नटीसारखं दिसायचं नव्हतं. हरवलेलं काहीतरी परत पाहिजे होतं.

हो, मी गेले. आणि मी ऑपरेशन केलं, २०२२ साली, एकेचाळिसाव्या वर्षी. हे मी आज पहिल्यांदा चारचौघांत सांगते आहे.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मला तू अशीच आवडतेस." हे ऐकून कुठलीही बाई विरघळेल असं त्याला वाटलं असणार. मला राग आला. बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं, तो मनापासून बोलत होता. पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर देत होता तो प्रश्न मी त्याला विचारलाच नव्हता. पुरुष श्रोत्यांना एवढंच सांगते की तुमची बायको असं काही बोलली तर लगेच उत्तर देऊ नका. 'कधीपासून वाटतंय?' एवढं विचारा आणि गप्प बसा.

सर्जनने मात्र विचारलं. कधीपासून वाटतंय, आत्ताच का, घरात सध्या काही मोठं घडलंय का, घटस्फोट, मृत्यू, नोकरी जाणं? ऑपरेशननंतर आयुष्यात काय बदलेल असं वाटतं? कुणाच्या सांगण्यावरून आलीस का? चांगला सर्जन हे विचारतोच. नवऱ्याच्या किंवा मित्राच्या आग्रहाखातर आलेली, किंवा यामुळे मोडकं लग्न सावरेल अशी आशा धरून आलेली बाई नंतर समाधानी राहत नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत असतं. काही जणींना 'बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर' असतो. म्हणजे बारीकसं किंवा इतरांना दिसतही नाही असं व्यंग दिवसदिवस मन पोखरत राहतं. शंभरात साधारण दोघांना तो असतो, कॉस्मेटिक सर्जरीला येणाऱ्यांत त्याहून पुष्कळ जास्त. त्यांना सुरीने आराम पडत नाही, औषधाने आणि समुपदेशनाने पडतो.

मी सगळ्या प्रश्नांना व्यवस्थित उत्तरं दिली. मुलाखती द्यायची सवय आहे. कुणासाठी करते आहेस? 'स्वतःसाठी.' त्या वेटिंग रूममधली प्रत्येक बाई आत जाऊन हेच सांगत असणार. ते खोटं नव्हतं. पण प्रोजेक्टच्या फॉर्मवर 'बिझनेस नीड' असा एक रकाना असतो आणि तिथे सगळे जण जे दोन शब्द भरून टाकतात, तेवढंच ते खरं होतं. आत्याचं नाव मी घेतलं नाही. मला आठवलीही नाही तेव्हा.

मग सह्या. पूर्वी हे सगळं एका बारीक टाइपातल्या कागदावर उरकत असे. ऑक्टोबर २०२१ पासून एफडीएने सक्तीच केली की पेशंटला एक यादी वाचून दाखवायची आणि तिने कलमागणिक आद्याक्षरं करायची. हे इम्प्लांट आयुष्यभरासाठी नसतं. जितकी वर्षं जातील तितकी गुंतागुंतीची शक्यता वाढते. पुन्हा ऑपरेशन करावं लागू शकतं. एका दुर्मिळ प्रकारच्या लिम्फोमाशी, म्हणजे कॅन्सरशी, याचा संबंध आढळला आहे, विशेषतः खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटचा. त्यातले एका कंपनीचे २०१९ साली जगभरातून परत मागवले गेले. काही जणींना थकवा, सांधेदुखी, विसरभोळेपणा अशा तक्रारी येतात. सिलिकॉन असेल तर पाच-सहा वर्षांनी तपासणी, मग दर दोन-तीन वर्षांनी. एफडीएचाच अंदाज आहे की केवळ आकारासाठी ऑपरेशन केलेल्या पाचातल्या एका बाईला आठ-दहा वर्षांत इम्प्लांट काढावं लागतं. यातलं काहीही कॉस्मेटिक म्हणून केलेलं असेल तर इन्शुरन्स सहसा बघत नाही. मी पाच वर्षांच्या खर्चाची एक्सेल शीट केली होती. त्यात तपासण्यांची ओळ होती, काढण्याच्या ऑपरेशनची नव्हती. माझ्या क्लायंटने असं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

मिरजेला काय सांगायचं हा प्रश्न होता. दोन आठवडे फडताळातला वरचा डबा काढता येणार नाही, व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसेल, म्हणून सांगितलं, छातीत एक साधी गाठ आहे, काढून टाकणार आहेत, काळजीचं काही नाही. परदेशातून 'काळजीचं काही नाही' असं आलं की तिकडे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. आईने सांगलीच्या गणपतीला साकडं घातलं. रिपोर्ट चांगला आला असं मी कळवलं तेव्हा तिने गल्लीत पेढे वाटले. ते पेढे वाटल्याचे फोटो तिने पाठवले आणि मी इथे ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले.

आता तुम्ही विचाराल, समाधान मिळालं का? मिळालं. उगीच पश्चात्तापाची गोष्ट रचून सांगणार नाही. कपडे नीट बसतात. खांदे पुढे घेऊन चालायची सवय गेली. २०२३ च्या डिसेंबरात मिरजेला गेले तेव्हा ब्लाउज शिवायला टाकला आणि टेलरने मुकाट्याने माप घेतलं. मला त्या दिवशी झालेला आनंद वेडगळ असेल, पण होता.

त्याच संध्याकाळी आत्याला नमस्कार करायला वाकले. ऐंशीच्या घरातली, डोळे अधू झालेले. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "अंगाने सुधारलीस गं. पण चेहरा किती ओढलाय!"

मी इतकी हसले की नवऱ्याला कळेना काय झालं.

अभ्यासही साधारण हेच सांगतात, फक्त गंभीर भाषेत. ऑपरेशननंतर बहुतेक बायका त्या भागाबद्दल समाधानी असतात, आणि ते समाधान टिकतंही. पण एकूण आत्मसन्मान, उदासी, नात्यातलं सुख यांत तसाच बदल होतो असं ठामपणे दिसत नाही. अंगावरचं ऑपरेशन अंगापुरतं काम करतं. आणखी एक गोष्ट सांगायला जड जातं, पण टाळता येत नाही. स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड आणि अमेरिकेतल्या मोठ्या पाहण्यांत कॉस्मेटिक इम्प्लांट केलेल्या बायकांमध्ये आत्महत्येचं प्रमाण इतर बायकांच्या दोन-तीन पट आढळलं होतं. इम्प्लांटमुळे असं होतं असं कुणी सिद्ध केलेलं नाही. काहींची उदासी आधीपासूनची असावी आणि तिच्यावरचा इलाज म्हणून त्या भलत्याच दाराशी गेल्या असाव्यात, असा एक अंदाज आहे. ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात तसे विचार येत असतील तर अमेरिकेत ९८८ हा नंबर दिवसरात्र चालू असतो. फोन करा, मेसेज केला तरी चालतो.

याची दुसरी बाजू माझ्या एका मैत्रिणीची आहे, तिच्या परवानगीने सांगते. ती नागपूरची. आठवीपासून दप्तर छातीशी धरून चालायची. खो-खोच्या टीममध्ये होती, ते सोडलं, कारण पळताना लोक काय बघतात ते तिला कळायला लागलं होतं. मला खांदे सरळ कर म्हणायचे, तिला ओढणी नीट घे. पंचवीस वर्षांनी इथे तिने स्तन लहान करून घेण्याचं ठरवलं. यासाठी इन्शुरन्स पैसे देऊ शकतो, पण शारीरिक त्रास सिद्ध करावा लागतो. मानदुखीचे कागद, फिजिओथेरपीच्या नोंदी, खांद्यावर पट्ट्यांच्या पडलेल्या खाचांचे फोटो, किती ग्रॅम पेशी काढणार त्याचा हिशेब. ती म्हणाली, "मीटिंगमध्ये माणसं माझ्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत, हे लिहायला त्या फॉर्मवर कुठे जागाच नव्हती." तिने मानदुखी लिहिली. मान दुखतच होती म्हणा. तिच्याकडे बघून माझ्या लक्षात आलं की मोठं करायला जाणारीला मनाचं कारण सांगावं लागतं आणि लहान करायला जाणारीला ते लपवावं लागतं. ऑपरेशननंतर तिने पहिली गोष्ट काय केली असेल तर पळायचे बूट घेतले.

कॅन्सरनंतरच्या पुनर्रचनेचा विषय वेगळा आहे, तो मी यात मिसळत नाही. फक्त माहितीसाठी, १९९८ च्या कायद्याप्रमाणे इथला इन्शुरन्स स्तन काढण्याच्या ऑपरेशनला पैसे देत असेल तर पुनर्रचनेलाही द्यावे लागतात. आणि नको असेल तर सपाट राहणं हाही पर्याय आहे, तो डॉक्टरांनी आपणहून सांगितला नाही तर तुम्ही विचारा.

आता हे सगळं मी आज का सांगते आहे? दोन महिन्यांपूर्वी आम्ही ओसीआय कार्डांची फाईल काढली. माझी मुलगी, चौदा वर्षांची, कागद लावायला मदत करत होती. इम्प्लांट बसवलं की पेशंटला एक कार्ड देतात, त्यावर कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, सगळं असतं, गाडीच्या आरसी बुकासारखं. ते कार्ड तिच्या हातात आलं. इथली मुलं गूगल करायला किती वेळ लावतात? ती काही बोलली नाही. रात्री माझ्या खोलीत आली आणि दिवा न लावता विचारलं, "आई, माझे पण छोटे आहेत. माझ्याकडे बघून तुला वाईट वाटतं का?"

मी नाही म्हणाले. शपथेवर नाही म्हणाले, आणि ते खरं आहे. मला ती जशी आहे तशी इतकी देखणी दिसते. ती म्हणाली, "मग स्वतःकडे बघून का वाटायचं?"

मंडळी, सर्जनच्या प्रश्नांना मी पाच मिनिटांत उत्तरं दिली होती. या प्रश्नाला आम्ही दोघी रात्री एकपर्यंत जाग्या होतो. मी तिला पाटी सांगितली, टेलर सांगितला, नरकचतुर्दशी सांगितली. तिने विचारलं, "आत्याआजीला कुणी काही म्हणालं होतं का, ती लहान असताना?" मला माहीत नव्हतं. आत्या गेल्या वर्षी गेली.

हे भाषण साइटवर चढणार, कुणीतरी व्हॉट्सॲपवर पुढे ढकलणार आणि मिरजेला पोचणार, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून गेल्या रविवारी आईला फोन करून सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "फार दुखलं का गं?" मी म्हटलं, पहिले चार दिवस. तिने कारण विचारलं, तेव्हा आत्याचं ते वाक्य मी आईसमोर पहिल्यांदा उच्चारलं. "मी काही बोलले नाही तेव्हा?" मी म्हटलं, तू हसलीस. पुन्हा गप्प. मग तिने सांगितलं की आत्याचं अंग लवकर भरलं होतं, म्हणून सातवीत शाळेतून काढलं तिला. सायकल शिकत होती, तीही बंद केली. पहिल्या नंबराने पास होणारी मुलगी. आत्याचं ते बोलणं टोमणा होता की हेवा, की 'सुटलीस तू' असं काही, आता कुणाला विचारणार?

फोन ठेवता ठेवता आई म्हणाली, "म्हणजे आता संकष्ट्या सोडायला हरकत नाही. उद्यापन करून टाकते."

"आई, तू अजून धरतेस? तीन वर्षं झाली!"

"तू कुठे सांगितलंस सोड म्हणून," ती म्हणाली.